गाठीपासून पाच पावलं

"पाय बघून टाक गं! खाली बाळंतीण हाय!"

आवाज पाठीमागून आला आणि मी गुडघाभर पाण्यात होते तशीच थिजले. डावा पाय चिखलात, उजवा वर. लग्नाला नऊ दिवस झाले होते. तळहातावरची मेंदी अजून पुरती विटली नव्हती, आणि सासूबाई मला बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणकणीस कापायला घेऊन आल्या होत्या.

"कोण बाळंतीण, आत्याबाई?"

आजूबाजूला माणूस नव्हतं. डोक्यावरून वर गेलेली हिरवी पाती, त्यांच्यात उभी तपकिरी कणसं, आणि पाणी.

सासूबाई छपछप करत आल्या, माझा वर धरलेला पाय घोट्याला पकडून मागं नेऊन ठेवला, जणू तो माझा नव्हताच. मग समोरची दोन पाती बाजूला केली. आत वाळक्या पात्यांची परडी विणून ठेवावी तसं घरटं होतं. त्यात सात अंडी, फिकट, तांबूस शिंतोड्यांची. माझं पाऊल पडलं असतं ते तिथून वीतभरावर.

"पाणकोंबडी," त्या म्हणाल्या. "सात लेकरं गेली असती तुझ्या एका पायाखाली."

उभ्याच्या उभ्या तीन पात्यांना त्यांनी छातीच्या उंचीवर वाकवलं आणि एकमेकांत अडकवून गाठ मारली. पाती तुटली नाहीत. हिरवीच राहिली, फक्त मान खाली घालून उभी राहिली. हात चालत होते तसा ओठांतून सूरही निघत होता, बाहेरच्याला ऐकू जाऊ नये इतका बारीक:

हिरव्या पात्याला गं, गाठ मी मारियेली,
पाण्याची बाळंतीण, वाट तिला सोडियेली.

पाच पावलं दूर सये, विळा तुझा राहू दे,
माझ्या गं बहिणीचं, बाळ मोठं होऊ दे.

"ही गाठ दिसली की पाच पावलं लांबून कापायचं," सासूबाई म्हणाल्या. "गाठ कुणाची का असंना. कळलं का, कोरडवाहू?"

कोरडवाहू. तेव्हापासून हेच माझं नाव. माझं माहेर वरच्या पठारावरचं, जिथं टँकर आला की सण असायचा. बाप भट्टीवर चणे-फुटाणे भाजणारा भोई. आमच्याकडं भोई म्हणजे विस्तव, सासरी, तळेगव्हाणात, भोई म्हणजे पाणी. जात एक, पण मी पाण्याला अशी भ्यायची की हौदात वाकून कळशी भरतानासुद्धा कठडा धरायची. अशी सून ठकूबाई घाटेंच्या घरात आली होती. त्यांच्याबद्दल गावात म्हणायचे, ही बाई चिखलावरून चालली तर चिखलालाही कळत नाही.

सात वर्षं मी त्यांच्या मागून चालले. पाय कुठं टाकायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चुकला की ओरडल्या. ओरडल्या नाहीत तर समजायचं की बरोबर पडला. शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता. भाकरी फुगली तर म्हणायच्या, "तवा चांगला हाय." जुडी नीट बांधली तर, "पाती सरळ होती यंदा." प्रत्येक बाईची गाठ वेगळी असते हेही मी बघूनच शिकले. सासूबाई डावखुऱ्या, त्यामुळं त्यांच्या गाठीचं टोक नेहमी उलट्या बाजूला पडायचं. साऱ्या गावात तशी गाठ दुसरी नव्हती.

मग अभयारण्य झालं.

बंधाऱ्यावर पाटी लागली. पाणकणीस कापणं बंद, चटया विणणं बंद, आत पाय ठेवणं बंद. वाईट काही नव्हतं त्यात, पाखरं वाढली. पण बायांचे विळे आढ्याला अडकले ते तिथंच गंजले. सासूबाई दोन वर्षं गप्प होत्या. रोज झुंजूमुंजू होताना पितळी टमरेल घेऊन बाहेर जायच्या त्या उन्हं अंगणात आल्यावर परतायच्या.

"एवढा वेळ?" एकदा मी हसत विचारलं.

"म्हातारपणी पोट सावकाश चालतं," त्या म्हणाल्या. लुगड्याचा काठ ओला होता. मी म्हटलं, दंव असेल.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. पाण्याच्या कडेनं पाहुण्यांसाठी पायवाट झालीय, टोकाला मनोरा उभा राहिलाय, आणि पाखरं दाखवायला गावातलेच चार गाईड घेणार. पंधरा दिवसांचं शिक्षण, मग चाचणी. महिलांनीही अर्ज करावा. घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागेल, कारण काम उजाडायच्या आत सुरू होईल.

मी तो कागद तीनदा वाचला. सातवी पास होते मी. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं.

नवरा, रामनाथ, कांद्याच्या खळ्यावरून आला तेव्हा त्याच्यापुढं ताट ठेवून मी म्हटलं, "मी नाव देऊ का?"

"आईला विचार."

"तुमचं काही मत?"

"आहे की. आईला विचार, हेच माझं मत."

आईला विचारलं. त्या चुलीपुढं होत्या.

"पाखरं दाखवायची असत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "दिसत्यात ती. ज्याला दिसत न्हाईत त्याला दाखवून काय उपेग?"

"पण देऊ का नाव?"

"ज्यांनी आपले विळे अडकवून ठेवले, त्यांची टोपी घालणार का तू डोक्यावर?"

"टोपी नाही घालणार. पदर घेईन."

त्यांनी भाकरी उलटली. वाफ गेली आणि मग शब्द आला. "बघू."

संमतीचा कागद मी देवाच्या फळीवर ठेवला. पंधरा दिवस शिकायला गेले, दुर्बिणीत एक डोळा मिटून बघायचं नसतं हे शिकले, पाखरांची पुस्तकातली नावं पाठ केली. रोज रात्री कागद बघायचे. अंगठ्याची जागा कोरीच.

"बघू," त्या म्हणायच्या. त्यांनी कागद फाडलाही नाही, उचललाही नाही.

चाचणी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी होती. कागद कोरा घेऊनच मी फाटकाशी गेले. रेंजर उपासनी साहेबांनी तो पाहिला, उलटा करून पाहिला.

"इंदूबाई, यावर अंगठा नाही."

"चाचणी तर देऊ द्या, साहेब. नापास झाले तर अंगठा लागणारच नाही."

साहेब हसले. कडक इस्त्रीचा खाकी माणूस, पण हसला की बरा दिसायचा. "द्या मग."

चाचणी सोपी होती. फाटकापासून मनोऱ्यापर्यंत तासाभरात पाहुण्यांना न्यायचं आणि पंधरा जातींची पाखरं दाखवायची. पाहुणी म्हणून नाशिकहून लिमये बाई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, हातात काठी, डोक्यावर गवती टोपी, आणि जीभ धारदार. साहेब वही घेऊन मागून चालणार. माझ्याआधी माझा चुलत दीर संपत त्यांना फिरवून आला. त्यानं एकवीस जाती दाखवल्या, आणि त्याही इंग्रजी नावांसकट.

"वहिनी," तो जाता जाता म्हणाला, "बदक दिसलं तर घाबरू नको. चावत नाही."

फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी निम्मं गाव जमलं होतं. सासूबाई लिंबाखाली टमरेल घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

मी निघाले.

काय सांगू त्या सकाळचं! पाणी असं निवांत होतं की आभाळ खाली उतरून अंग पसरून पडलंय असं वाटावं. पहिल्याच वळणावर टिबुकली बुडाली. लिमये बाई म्हणाल्या, "गेली की!" मी बोटानं पाण्यावर एक जागा दाखवली आणि म्हटलं, "इथून निघेल." ती तिथूनच निघाली.

"हे तुला कसं कळलं?"

"बुडताना तिची मान तिकडं होती, बाई. जिकडं मान, तिकडं माहेर."

बाई खळखळून हसल्या. मग मला पंख फुटले. हळदीकुंकू बदक दाखवलं आणि म्हटलं, चोचीचं टोक बघा, सवाष्ण आहे. शेकाट्या दाखवला, लाल पायांचा, चिखलात पाय न भरवता चालणारा, लुगडं वर खोचून निघालेल्या बाईसारखा. खंड्या, ढोकरी, चांदवा. साहेब मागून वहीत खुणा करत होते. कमळाच्या पानावर पाय टाकत कमळपक्षी निघाला तेव्हा लिमये बाई काठी विसरून बोटांवर उभ्या राहिल्या.

"चौदा," साहेब म्हणाले. "आणि अजून वीस मिनिटं हातात. छान चाललंय."

समोर मनोरा दिसत होता. दीडशे पावलं असतील. वाट तिथं पाणकणसाला चिकटून जायची. नवीच वाट, दोन्ही अंगांनी छाटलेली, दोरी लावून आखल्यासारखी सरळ.

आणि मला गाठ दिसली.

वाटेच्या कडेपासून हातभर आत. तीन हिरवी पाती, मान खाली घातलेली. ताजी. कालची, फार तर परवाची. टोक उलट्या बाजूला.

माझ्या छातीत एकदम ऊन पडावं तसं झालं, आणि लगेच सावली. ओला काठ आठवला. दोन वर्षं रोज सकाळी टमरेल घेऊन ही बाई कुठं जायची ते कळलं. आणि हेही कळलं की तिनं आत पाय ठेवला हे साहेबांना कळलं तर गुन्हा आहे. पाटीवर लिहिलंच होतं, मी रोज वाचत होते.

"थांबल्या का?" साहेब म्हणाले.

"पुढं जाता येणार नाही, साहेब."

"का?"

"आत घरटं आहे."

"कुठं दिसतंय?"

"दिसत नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

गाठीकडं बोट दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

"संपत याच वाटेनं गेला," साहेब म्हणाले. "मनोऱ्यापर्यंत नेलं त्यानं आम्हाला. मनोऱ्यापर्यंत पोचणं हा चाचणीचा भाग आहे. न पोचलात तर मला नापास लिहावं लागेल."

"लिहा, साहेब."

"इंदूबाई, चौदा झाल्यात. एक राहिलीय!"

"पाच पावलं मागं या, साहेब. तुम्हीही, बाई."

साहेबांना राग आला. स्वाभाविक होतं. ते म्हणाले, "बघू तर काय आहे ते," आणि पाती बाजूला करायला हात घालून त्यांनी बूट उचलला.

"पाय बघून टाका! खाली बाळंतीण आहे!"

मी ओरडले. माझ्या गळ्यातून तो आवाज असा निघाला की मीच दचकले. दोन्ही हात पसरून मी साहेबांच्या आणि पाणकणसाच्या मधे उभी होते. पदर डोक्यावरून पडला होता आणि माझा एक पाय पाण्यात होता, घोट्याच्या वर. तो केव्हा गेला ते मला आठवत नाही.

साहेबांचा बूट हवेतच राहिला. आयुष्यात त्यांच्यावर कोणी बाई ओरडली नसावी.

लिमये बाईंनी काठीनं त्यांच्या पोटरीला हळूच टोचलं. "उपासनी, ती म्हणतेय ना मागं या. मग या मागं. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी. पोर खोटं बोलतेय की खरं, ते मला उभ्या राहण्यावरून कळतं."

आम्ही पाच पावलं मागं आलो. मी म्हटलं, "बसा." बाई फतकल मारून बसल्या. साहेब आपल्या इस्त्रीकडं एकदा बघून उकिडवे बसले, मग पाय दुखल्यावर चिखलातच टेकले.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. संपत या दोघांना इथून घेऊन गेला त्याला तासाच्या वर झाला होता, आणि अंड्यांवरून उठून गेलेली पाखरं अजून परतली नव्हती की काय, हा विचार मला आतून पोखरत होता. पुढं ढग आला तसं पाणी काळवंडलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. वेळ संपली होती. मी नापास झाले होते.

"आता जाऊ या?" ते म्हणाले. रागानं नाही, थकून.

"थोडं थांबा, साहेब. आता तर घाई नाही."

मी ओठांत पुटपुटत होते. गाणं नव्हतं ते, गाऱ्हाणं होतं. ये गं बाई. तुझ्यासाठी बसलोय. ये.

पाती हलली.

आधी आली ती लाल चोच. मग ते सारं जांभळं-निळं अंग, पैठणीची घडी उलगडावी तसं. पाणकोंबडी पाण्याच्या कडेला आली, शेपटी दोनदा उडवली, आमच्याकडं पाहिलं. आम्ही दगड होतो. तिनं मागं वळून घशातल्या घशात काहीतरी म्हटलं, आणि पात्यांच्या बुडातून काजळाच्या बोटासारखं एक पिल्लू बाहेर पडलं. मग दुसरं. तिसरं धडपडलं, चौथं त्याच्यावर पडलं. पाच. सहा.

सहावं वाटेवर आलं. आमच्या नव्या, सरळ, दोरी लावून आखलेल्या वाटेच्या मधोमध. तिथं उभं राहून त्यानं लांबलचक पायानं डोकं खाजवलं.

लिमये बाईंनी माझा हात धरला होता. "साहेबांचा बूट," त्या कुजबुजल्या, "साहेबांचा बूट ही निघाली तिथंच पडणार होता गं."

साहेबांनी मिटलेली वही उघडली, काहीतरी खोडलं. मी चोरून पाहिलं. चौदा खोडून त्यांनी पंधरा केलं होतं, आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं: लागू नाही.

परत येताना मात्र साहेब पाखरांकडं बघत नव्हते. ते पाणकणसाकडं बघत होते. आता त्यांनाही दिसायला लागलं होतं. एक गाठ. पुढं दुसरी. ओढ्याच्या तोंडाशी तिसरी, चौथी. प्रत्येक गाठीशी ते थांबायचे, वहीत खूण करायचे आणि चालायला लागायचे.

फाटकाशी पोचलो तेव्हा गाव उठून उभं राहिलं. साहेबांच्या मागच्या बाजूला चिखलाचा मोठा गोल होता, त्यावर सगळ्यांची नजर.

"काय वहिनी," संपत म्हणाला, "साहेबांनाच पाडलंस की काय?"

"पाडलं नाही," साहेब म्हणाले. "बसवलं. आणि बरं झालं बसवलं. ऐका सगळे. या बाई आज मनोऱ्यापर्यंत पोचल्या नाहीत. तरी पहिल्या क्रमांकानं पास आहेत. ती वाट मीच आखली होती आणि मी चुकीची आखली होती."

मग लिमये बाईंनी काठी बगलेत मारून टाळ्या वाजवल्या आणि टपरीवाल्यापासून सगळं गाव सुरू झालं. रामनाथ मागं उभा होता, तो दोन्ही हात वर करून वाजवत होता. त्याला मी पहिल्यांदाच कोणाला न विचारता काही करताना पाहिलं.

साहेबांनी हात वर केला. "पण एक गोष्ट राहिली. आत चार ठिकाणी पात्यांना गाठी आहेत. ताज्या. म्हणजे बंदी असताना कोणीतरी आत जातंय. कोण?"

टाळ्या थांबल्या. नियम म्हणजे नियम, आणि वही उघडी होती.

"मी, साहेब," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"हो. मीच जाते."

नुकतं हातात आलेलं सगळं जाताना मला दिसत होतं. पण खोटं बोलताना इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

"खोटं बोलती ती."

लिंबाखालून आवाज आला. सासूबाई उठल्या. टमरेल खाली ठेवलं, लुगडं झटकलं आणि गर्दीतून चालत आल्या, चिखलावरून चालायच्या तशाच, कोणाला धक्का न लावता. साहेबांसमोर उभं राहून त्यांनी डावा हात पुढं केला.

"हा हात हाय त्यो. गाठ डाव्या बाजूला पडती माझी. जाऊन बघा. ही उजवी हाय, हिला जन्मात तशी गाठ येणार न्हाई."

"मावशी, तुम्ही कशाला जाता आत?"

"दोन वर्सं विळा नव्हता, तर मी नुसती बघून यायची, म्हनलं, आता गाठीचं काय काम? पण तुमी वाट काढली. विळ्यापरीस बूट वाईट, साहेब. विळा हातात असतो, त्याला डोळं असत्यात. बुटाला कुठले डोळं? म्हनून आता गाठीसाठी जाते. घरटं घावलं की गाठ मारते. कुनी वळखील न वळखील." त्यांनी हात तसाच पुढं ठेवला. "काय दंड असंल तो सांगा."

साहेबांनी त्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाले, "दंड असा, की उद्या सकाळी तुम्ही माझ्यापुढं चालायचं. जिथं गाठ, तिथून वाट वळेल. पाच पावलं ना, इंदूबाई?"

"पाच, साहेब."

ती वाट आजही तशीच आहे. सव्वीस वर्षं मी तिच्यावरून पाहुणे नेले. नवे लोक विचारतात, एवढी नागमोडी का केली, सरळ गेलं असतं तर पाव तास वाचला असता. मी म्हणते, चला तर खरं. दरवर्षी पावसाळ्यात ती थोडी इकडं, थोडी तिकडं सरकते, आणि वनखात्यानं त्यासाठी कधी नकाशा आड आणला नाही.

पण त्या दिवशी गोष्ट तिथं संपली नव्हती. साहेबांनी वहीतून माझा कागद काढला. घडीवर घडी पडलेला, कोरा.

"मावशी, सगळं झालं. पण घरच्यांच्या संमतीशिवाय मला हिला घेता येत नाही. तुमची सून विचारतेय, काय सांगू?"

टपरीवर उकळतं आधण तेवढं आवाज करत होतं. मला वाटलं, आता ते येणार. "बघू." मी मनाची तयारीही केली. इतकी वर्षं त्याच शब्दावर काढली होती, अजून काही काढली असती.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. डोक्यावरून पडलेला माझा पदर त्यांनी दोन बोटांनी उचलून जागेवर ठेवला. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही. साहेबांशी. तोंडावर बोलायला त्यांना अजून अवघडच जात होतं.

"साहेब, आली तवा पान्याला भ्यायची ही. रातच्याला झोपंत पाय झाडायची. सकाळी उठून मात्र माझ्या आधी विळा घेऊन उभी. मी वरडायची, ही ऐकून घ्यायची. सात वर्सांत हिच्या पायाखाली येक अंडं फुटलं न्हाई. माझ्या पायाखाली फुटलंय, आमच्या सासूच्या बी फुटलंय. हिच्या न्हाई. मी मोजलंय." त्यांनी साहेबांच्या हातातून कागद घेतला. "बोलले न्हाई कवा. आमाला कुनी बोललं न्हाई, तर आमाला बोलता येत न्हाई. आन् भ्या बी वाटायचं, की ही तुमच्याकडं गेली म्हंजी माझ्यामागं चालायला कोन ऱ्हाईल."

त्यांनी फाटकाजवळच्या टेबलावरची शाईची डबी ओढली. डावा अंगठा बुडवला, कागदावर दाबला, आणि तो उचलायच्या आत, मान वर न करता म्हणाल्या,

"ल्हिवून घ्या, साहेब. माझ्यापरीस चांगली हाय ती."